नॅपकिनावरची सहावी ओळ

मी एक जुना नॅपकीन आहे. भांडी पुसायचा. माझ्या कडेला दोन भोकं आहेत, एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग आहे आणि अंगावर लाल अक्षरांत सहा ओळी आहेत. त्यांतल्या पाच छापलेल्या, सहावी हाताने शिवलेली. मित्रांनो, पाच ओळींचे माझे भाऊबंद घरोघरी असतील. शिवलेली ओळ मात्र एकट्या माझ्याकडे आहे, आणि तिच्यात एक चूक आहे. ती चूक हाच माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा मान. तो मला कसा मिळाला, तेच सांगतो.

माझा जन्म वेल्सच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या एका गावात झाला. तिथे दोन बहिणींची छपाईची छोटीशी शेड होती. थोरली चौकटीवरून शाई ओढायची, धाकटी ओली कापडं दोरीवर टांगायची आणि दोघी दिवसभर भांडायच्या. माझ्यावर काय छापायचं यावरूनही भांडल्या. थोरलीला माझ्यावर मेंढी हवी होती.

"मेंढ्या काय, खिडकीतून दिसतात की," धाकटी म्हणाली. "लोकांना भाषा येत असते गं थोडीथोडी, पण तोंड उघडायला पहिलं वाक्य सापडत नाही. ते देऊ या त्यांना."

"आणि दुसरं?"

"दुसरंही देऊ. पाच देऊ. पुढचं त्यांचं ते बघतील."

अशा माझ्या अंगावर पाच ओळी उमटल्या. तुम्ही वेल्श बोलता का? हो, थोडंसं. मी वेल्श शिकते आहे. हळू बोला. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत ठळक: मला वेल्श बोलायचं आहे. या शेवटच्या ओळीत 'हवं आहे' या अर्थाचा जो शब्द होता, तो त्या बहिणींच्या तोंडचा, दक्षिणेचा होता. मॉइन. छापताना त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पुढे याच शब्दाने माझी आणि आणखी एका जिवाची चांगलीच फजिती केली.

तो जीव म्हणजे हेझल. ती इंग्लंडमधल्या स्टोकची. स्टोक हे कपबश्यांचं गाव. तिथली माणसं कुणाच्याही घरी गेली की बशी उलटी करून खालचा शिक्का आधी बघतात, मग तिच्यातलं खातात. हेझलही तशीच. तिने वेल्सच्या उत्तरेकडच्या गेथिनशी नुकतंच लग्न केलं होतं आणि दोघं आठ दिवस दक्षिणेला फिरायला आली होती. एका जत्रेतल्या तंबूत तिने मला उचललं, सवयीने उलटं करून पाठ बघितली आणि मग पुढून वाचलं. धाकटी बहीण तिच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही वेल्श बोलता का?" हेझलने माझ्याकडे चोरून पाहिलं आणि दुसरी ओळ वाचून दाखवली. हो, थोडंसं. बहीण हसली नाही. तिने मला कागदात गुंडाळलं आणि वेल्शमध्येच आभार मानले. हेझल तंबूबाहेर आली तेव्हा मला तिने छातीशी धरलं होतं. नॅपकिनाला एवढं प्रेम सहसा मिळत नाही, मित्रांनो.

गेथिनचं घर बाला गावाच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या कुरणात होतं. घराचं नाव टिडिन केलिन. मला स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीच्या दांडीवर जागा मिळाली. ऊबदार जागा. समोरच मोरी आणि मोरीवर खिडकी. जेवणं झाली की गेथिनची आई नेस्ता भांडी विसळायची आणि हेझल मला घेऊन ती पुसायची. दोघींची तोंडं खिडकीकडे. समोरासमोर बसून जे बोलायला संकोच वाटतो, ते माणसं अशी शेजारी उभी राहून सहज बोलतात, हे मी तिथे शिकलो. पण या दोघी बोलायच्या ते इंग्रजीत.

त्या घराची एक रीत होती. घरात सगळे वेल्श बोलत. नेस्ता, तिचा नवरा इद्वल, गेथिन, शेजारपाजारचे शेतकरी, सगळे. चुलीपाशी हसणं-खिदळणं, चिडवाचिडवी नुसती उतू जायची. पण हेझल दारात आली की सगळं टेबल इंग्रजीत वळायचं. वाक्य अर्ध्यावर असलं तरी वळायचं. कुणी कुणाला खूण करायचं नाही. मेंढ्यांचा कळप फाटकापाशी वळतो, तसं आपोआप व्हायचं. त्यात दुष्टावा कणभर नव्हता. पोरीला परकं वाटू नये म्हणून हे सगळं. आणि नेमकं त्यामुळेच तिला परकं वाटायचं, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

हेझल दर मंगळवारी वेल्शच्या वर्गाला जायची. घरी मी तिचं पुस्तक होतो. बशी पुसता पुसता ती ओठांतल्या ओठांत माझ्या ओळी म्हणायची. एके दिवशी जेवणानंतर तिने धीर केला. मला दोन्ही हातांत ताणून धरलं, सगळ्यांकडे वळली आणि मोठ्याने पाचवी ओळ म्हणाली.

"मॉइन!" इद्वल खुर्चीतच उडाला. "ऐकलंस का नेस्ता, मॉइन म्हणाली! अगं पोरी, आमच्या गोठ्यातलं वासरूसुद्धा मॉइन म्हणत नाही. आमच्यात 'इशो' म्हणतात, इशो!"

"दक्षिणेचं वारं लागलं हिला आठ दिवसांत," गेथिन म्हणाला आणि तोही हसला.

नेस्ता हात पुसत मला निरखून म्हणाली, "या फडक्याला वेल्श येतच नाही मुळी."

ही सगळी थट्टा इंग्रजीत चालली होती, म्हणजे हेझलला नीट कळावी म्हणून. हेझलही हसली. पण मी तिच्या हातांत होतो. माझ्या कडा तिने इतक्या घट्ट आवळल्या होत्या की मला पीळ पडला. त्या दिवसानंतर तिने त्या घरात तोंडातून वेल्शचा शब्द काढला नाही. मंगळवारही हळूहळू बुडायला लागले.

आणि मी? माझं नॅपकिनाचं फडकं झालं. आधी खालच्या खणात गेलो. मग मार्च महिन्यात बर्फात अवघडलेलं एक कोकरू इद्वलने उचलून आणलं, हाताला येईल ते ओढलं आणि माझ्यानेच त्याचं अंग खसाखसा पुसलं. कोकरू जगलं. ते चुलीपाशी थरथरत उभं राहिलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काम झाल्यावर मला कुणी विचारलं नाही. कोपऱ्यावर तो डाग घेऊन मी मागच्या दारापाशी बुटांच्या गर्दीत कितीतरी दिवस पडून होतो. तिथे अक्षरं वाचायला कुणी वाकत नाही.

वाकली ती नेस्ता. तिने मला उचललं, झटकलं आणि सोडा घालून दोनदा उकळलं. डाग फिका झाला, पण गेला नाही. मी वाळल्यावर ती खिडकीशी बसली, चष्मा लावला आणि लाल दोरा सुईत ओवला. 'मॉइन' या शब्दावर तिने एक बारीक आडवी शिवण घातली आणि वर छोट्या नेटक्या टाक्यांनी शब्द शिवला. इशो. सुई टोचत होती, पण हात मऊ होता.

हेझल कामावरून आली तेव्हा मी पुन्हा चुलीच्या दांडीवर होतो. तिने वाचलं. नेस्ता पाठमोरी बटाटे सोलत होती.

"फडक्यालाही आमच्या घराची सवय व्हायला नको का?" नेस्ता म्हणाली.

माफी मागायची ही त्या डोंगरातल्या बाईची पद्धत. हेझलने मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. पण मित्रांनो, नेस्ताचं ते वाक्यसुद्धा इंग्रजीतच होतं.

मग माब्ली आली. गेथिन-हेझलची लेक. माझं आयुष्य पुन्हा धावपळीचं झालं. मी तिच्या गळ्यात बांधला गेलो, तिच्या हनुवटीवरचा भोपळा पुसला, मोरीत तिला अंघोळ घालताना तिच्या डोक्याखाली घडी होऊन पडलो. एका हाताने पोर सावरत दुसऱ्या हाताने काम उरकणाऱ्या बाईला जवळ एक नॅपकीन असला की किती आधार असतो, ते मला विचारा. माब्लीशी तिचा बाप वेल्श बोलायचा. आजी, म्हणजे तिची नाइन, आणि आजोबा, म्हणजे तिचा ताइद, तेही वेल्शच. आई इंग्रजी. पोरीची जीभ दोन्हींकडे सरसर चालायची.

माब्ली साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिचे ओले केस हेझल माझ्याने टिपत होती. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. हेझलला काय वाटलं कोण जाणे, ती हलकेच वेल्शमध्ये म्हणाली, "केस ओला. आता केस कोरडा करतो."

माब्लीने मान वळवून आईकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता, नुसतं नवल वाटलं होतं. आईच्या ओठांवर तिने आपला इवलासा तळवा ठेवला. "नको, माम. ती भाषा नाइनची आहे. तुझी दुसरी आहे ना."

हेझलने मला स्वतःच्या तोंडावर धरलं. पोरीला वाटलं, माम लपाछपी खेळतेय. ती टाळ्या वाजवून "दिसलीस! दिसलीस!" ओरडली. माझ्यावर ओल कशाची आली, ते मला ठाऊक होतं. साबणाच्या पाण्याला इतकं मीठ नसतं.

दुसऱ्या मंगळवारी हेझल पुन्हा वर्गाला गेली. त्यानंतर एकही मंगळवार बुडला नाही. आपल्याच लेकीच्या अर्ध्या आयुष्यात आपण पाहुणी म्हणून राहायचं की नाही, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता. माझ्या पाचही ओळी तिला कधीच्या पाठ होत्या. तिला हवी होती ती ओळ त्या बहिणींनी माझ्यावर छापलीच नव्हती. ती तिने वर्गातल्या बाईंना विचारून घेतली आणि महिनाभर गाडीत एकटीच घोकली.

शनिवारची दुपार होती. चुलीवर लॉबस्गाउस शिजत होतं. मटण, बटाटे, गाजरं एकत्र रटरटत ठेवलेलं ते मोठं पातेलं सतत ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला लागतं. नेस्ता ढवळता ढवळता माब्लीला गोष्ट सांगत होती. त्यांचा एक दांडगा मेंढा एकदा चर्चमध्ये घुसला होता, त्याची गोष्ट. माब्ली टेबलावर पालथी पडून हसत होती. इतक्यात हेझल ओल्या बुटांनी आत आली.

"आलीस का, राणी? गारठलीस ना?" नेस्ता इंग्रजीत म्हणाली. मेंढा चर्चच्या दारातच राहिला. माब्लीचं हसूही थांबलं.

हेझलने हात पुसायला मला दांडीवरून ओढलं. हात पुसून झाले तरी तिने मला सोडलं नाही. ताठ उभं राहून तिने माझी एकेक ओळ मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. पाचवीत 'इशो' अगदी ठणठणीत म्हटलं.

"छान गं!" नेस्ता म्हणाली. इंग्रजीत.

तेव्हा हेझलने घोकलेली ती ओळ एका दमात फेकली. "ट्रोइ नका!"

आता इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या भाषेत वळणं आणि ढवळणं या दोन्हींना एकच शब्द आहे, ट्रोइ. हेझलला म्हणायचं होतं, इंग्रजीत वळू नका. नेस्ताच्या हातात होता डाव. ती चपापली आणि डाव तिथेच उचलून धरला.

"का गं? खारट झालंय का?"

"नाही! ट्रोइ नका!"

"अगं, ढवळलं नाही तर खाली लागेल!"

"पातेलं नाही!" हेझल ओरडली, आणि तिचं वेल्श बांध फुटल्यासारखं बाहेर आलं, मोडकं, चुकांनी भरलेलं. "पातेलं नाही, भाषा! मी येतो, तुम्ही वळता. माब्ली हसतो, मी येतो, हसणं बंद. गोष्ट बंद. मी कोण? पाहुणा? पाच वर्षं पाहुणा? चहा देता, गोड बोलता, वळता!"

नेस्ताच्या डावातून रस्सा टपटप चुलीवर पडत होता. ती इंग्रजीत म्हणाली, "पण मी तर फक्त..." आणि तिथेच थांबली. तिने ओठ मिटले. ते वाक्य तिने गिळलेलं मी पाहिलं. मग तिने माझी चौथी ओळ पाळली. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत, वेल्शमध्ये ती म्हणाली, "मला वाटायचं, तुला त्रास नको."

"त्रास इशो!" हेझल म्हणाली. "मला त्रास इशो!"

सगळ्या आयुष्यात नेस्ताकडे असं मागणं कुणी मागितलं नसेल. एवढ्यात करपट वास सुटला. मागचं दार उघडून इद्वल आत आला आणि हेझलला बघताच सवयीप्रमाणे इंग्रजीत म्हणाला, "काय जळतंय इथे?"

नेस्ता डाव घेऊन त्याच्याकडे गर्रकन वळली. "इद्वल, ट्रोइ करू नकोस!"

"मी?" इद्वल दारातच दोन्ही हात वर करून उभा राहिला. "मी आत्ता येतोय कुरणातून! मी कधी ढवळलं?"

"ताइद, तू वळलास! तू इंग्रजीत वळलास!" माब्ली टेबलावरून किंचाळली. आणि मग जे हसणं सुरू झालं, ते हेझल खोलीत असताना थांबलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांनी करपलेलं लॉबस्गाउस लोणच्यातल्या बिटाबरोबर खाल्लं. इद्वलने दोनदा घेतलं. "धुराचा मसाला बरा लागतोय," म्हणाला. आणि नेस्ताने मेंढ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, हळूहळू. हेझलला निम्मी कळली. कुठे हसायचं ते तिला माब्ली कोपराने ढोसून सांगत होती.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षांची सवय. नेस्ता दिवसातून दहादा चुकायची, मग कपाळावर हात मारून घ्यायची. कधी हेझलच इतकी दमून यायची की म्हणायची, "आज वळा. आज डोकं चालत नाही." तेव्हा वळायचे. पण एरवी माब्ली पहाऱ्यावर असायची.

पुढच्या हिवाळ्यात हेझलने लाल दोरा मागून घेतला आणि माझ्या खालच्या रिकाम्या कडेवर, कोकराच्या डागाला लागून, आपली ओळ स्वतः शिवली. ट्रोइ नका. टाके वाकडेतिकडे, अक्षरं लहानमोठी. मला टोचलंही फार. पण शेजारी नेस्ताचं 'इशो' होतं, त्याला आता सोबत झाली.

दिवस गेले. माब्ली शाळेत जायला लागली, वाचायला लागली आणि एके दिवशी मला दांडीवरून ओढून नाइनकडे घेऊन आली. आमच्या भाषेत 'नका' आधी येतं, आणि अशा आधीच्या शब्दाच्या धाकाने पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. ते हेझल शिवताना विसरली होती.

"नाइन, बघ! मामने चूक केलीय. इथे ट्रोइ नाही, थ्रोइ हवं."

नेस्ता खिडकीशी इद्वलच्या कोटाचं बटण लावत होती. चष्मा होता, सुई होती, दोराही होता. ती सुई मला ओळखीची होती. एकदा तिने माझा शब्द दुरुस्त केला होताच. मी श्वास रोखून धरला, असं समजा.

"दिसतंय मला," नेस्ता म्हणाली. "दोन वर्षं बघतेय."

"मग नीट कर ना! तुला तर सगळं येतं."

"येतं की. पण हे मी नाही शिवलेलं." तिने माझ्या त्या वाकड्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "ही तुझ्या मामची वेल्श आहे. तिची आहे ती. आपण हात लावायचा नाही."

साडेतीन वर्षांची असताना आपण काय बोललो होतो, ते माब्लीला आठवत नसणार. पण तिने माझी नीट चौघडी घातली, बाहेर पालेभाजीच्या वाफ्यात वाकलेल्या हेझलकडे पळत गेली आणि म्हणाली, "माम, हात पूस." वेल्शमध्ये म्हणाली. हेझलने वेल्शमध्ये उत्तर दिलं, त्यात दोन चुका होत्या, आणि माब्लीला त्या ऐकूच आल्या नाहीत.

आता मी फार विरलो आहे. भांडी पुसायला नवा नॅपकीन आलाय, त्याच्यावर मेंढी आहे. मी दांडीवर नुसता असतो. येणारे-जाणारे मला वाचतात, थ्रोइ हवं म्हणून कुजबुजतात, आणि घरातलं कुणी काही बोलत नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या दारात कधी कुणी उभं राहील आणि तुमची भाषा मोडकीतोडकी बोलायला लागेल. केस ओला म्हणेल, मी येतो म्हणेल. तेव्हा त्याच्या सोयीसाठी चटकन त्याच्या भाषेत शिरू नका. आपल्याच भाषेत थांबा, हळू बोला, दोनदा सांगा, हवं तर पोटभर हसा. फक्त वळू नका.

आणि हो, चुलीवर काही असेल तर तेवढं मात्र ढवळत राहा.